बेरीज शून्य, तरी तराफा वळला

दोन जणांनी एकच वस्तू, सारख्याच जोरानं, एकमेकांच्या उलट दिशेला ढकलली तर काय होईल? काहीच होणार नाही, असं तुम्ही म्हणाल. तांडेलही अगदी हेच म्हणत होता, आणि म्हणूनच त्या दिवशी गोदा नगरे त्याला उचलून पाण्यात फेकायला निघाली होती.

तांडेल म्हणजे माणूस नव्हे, पिवळ्या पत्र्याचा एक बोलका डबा. जळवाडी हे गाव सोनवळ धरणाच्या पाण्यावर तरंगतं. घरं तराफ्यांवर, शाळा तराफ्यावर, भाजीचे वाफेसुद्धा तराफ्यांवर. हे तराफे हलवायला रेडकाएवढ्या दोन ढकलबोटी होत्या, नाकाला रबराची गादी लावलेल्या. दोन्ही बोटींचा मेंदू एकच, तो तांडेल. जो तराफा हलवायचा त्याच्या मधल्या खांबावर त्याला अडकवायचं. मग आकाशातल्या उपग्रहांना विचारून तो आपली जागा ओळखायचा आणि बोटींना हुकूम सोडायचा. फावल्या वेळात तो शाळेतल्या मुलांचे धडेही घ्यायचा. गोड आवाजात, कधीही न चिडता. गोदाला त्या गोड आवाजाचीच चीड होती.

पण तिचा खरा राग तांडेलवर नव्हता. तो होता भैरूवर.

भैरू तिचा चुलतभाऊ, वर्षानं मोठा आणि शहाणपणानं दहा वर्षांनी, असं त्याला स्वतःला वाटायचं. आदल्या संध्याकाळी वादळाचा इशारा आला, तेव्हा बोटुकल्यांचा तराफा खडकांमधल्या गोल खाचेत आणून ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. बोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. ही महाशीर माशाची होती. या नदीतून महाशीर कधीचा नाहीसा झाला होता. गोदाच्या आईनं दुरून अंडी आणली, आणि गोदानं त्यांतून निघालेला एकेक जीव जपला. पुढच्या आठवड्यात ती पिल्लं नदीत सोडायची होती.

महाशीरला थंड पाणी लागतं. म्हणून टाक्यांच्या एका बाजूला उतरतं छप्पर जोडलेलं होतं, दुपारनंतरचं ऊन अडवायला. गोदानं भैरूला बजावलं होतं, "छपराची बाजू मावळतीला ठेव."

"मला शिकवू नको," भैरू म्हणाला होता, आणि छप्पर उगवतीला करून तराफा लावून मोकळा झाला होता.

वादळ आलंच नाही. रात्रीत धरणाचे दरवाजे मात्र उघडले आणि पाणी उतरलं. सकाळी पाहावं तर खाचेचं तोंड गाळानं बुजलेलं, तराफा आणि त्याला आणणाऱ्या दोन्ही ढकलबोटी आत अडकलेल्या. मोठी माणसं पहाटेच पलीकडच्या काठावर बाजाराला गेली होती, ती संध्याकाळशिवाय परतणार नव्हती. आणि सूर्य डोक्याकडे सरकत होता. एकदा तो कलला की उघड्या टाक्यांमधलं पाणी तापणार, आणि मग एकही पिल्लू वाचणार नाही. गोदानं ओली गोणपाटं टाकून पाहिली, पण टाक्या सहा आणि गोणपाटं दोनच.

"छपराची बाजू मावळतीला यायला पाहिजे," ती तांडेलला म्हणाली. "फिरव तराफा."

"जरूर, गोदाताई," तांडेल म्हणाला. एका बोटीनं तराफ्याच्या टोकाला नाक लावलं आणि रेटा दिला. तराफा जरासा वळला, पण वळता वळता पुढेही सरकला. खाच तराफ्यापेक्षा हातभरच मोठी. खडकाची धार लागली, आणि तराफा तोलून धरणाऱ्या पिंपांपैकी एक फटकन फुटलं. तराफ्याचा तो कोपरा खाली बसला.

"थांब! थांब म्हणते ना!" गोदा ओरडली.

भैरू काठावर उभा होता. कालपासून दोघांत अबोला होता. त्याचा चेहरा पडला होता, पण चूक कबूल करायची तर जीभ उचलत नव्हती. मग त्याला सुचलं ते त्यानं केलं. कंबरभर पाण्यात उडी मारली, तराफ्याच्या दक्षिण बाजूला, मावळतीकडच्या टोकाशी जाऊन तो हातांनीच तराफा उत्तरेला ढकलू लागला.

पुन्हा खडकावर नेतोय! गोदाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनंही उडी घेतली आणि बरोबर त्याच्या समोर, उत्तरेच्या बाजूनं, तराफा दक्षिणेला रेटायला सुरुवात केली. तो तिकडून, ती इकडून. तराफा जागचा हलेना. दोघांची तोंडं लाल झाली. दोघं एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत होते.

गोदाला त्याचं तोंडही बघायचं नव्हतं. म्हणून ती तरातरा चालत त्याच बाजूच्या दुसऱ्या टोकाला, उगवतीकडे गेली आणि तिथून पुन्हा दक्षिणेला रेटू लागली.

तराफा वळला.

गोदाला आधी ते कळलंच नाही. सूर्य वर चढला तशी छपराची सावली टाक्यांवरून सरकून बाहेर पाण्यावर गेली होती, ती आता पहिल्या टाकीच्या काठाला शिवली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. आणि खडक? खडक होता तिथंच होता. तराफा कुठंही आदळला नव्हता.

"तांडेल! बघितलंस? फिरला! आता तुझ्या बोटी अशाच लाव. एक त्या टोकाला, एक या टोकाला, आणि दोघींना उलट दिशेनं ढकलू दे."

तांडेल क्षणभर गुणगुणला. "क्षमा करा, गोदाताई. एक बल उत्तरेला, तेवढंच बल दक्षिणेला. बेरीज शून्य. वीज वाया जाईल. आज्ञा नाकारली आहे."

"अरे, आत्ता फिरला ना तो!"

"तराफा चार बोटं उत्तरेला सरकला आहे. भैरूदादांचा जोर थोडा जास्त होता. बाकी काहीही हललेलं नाही. ते सोडलं तर मी जिथे होतो तिथेच आहे."

"डोळे फुटले का तुझे?" गोदा किंचाळली. तराफ्यावर चढून तिनं त्या डब्याला दोन्ही हातांनी धरलं. एक झटका, आणि हा पिवळा शहाणा पाण्यात! पण डब्याला हात लावल्यावर तिला दिसलं की हा बसलाय अगदी मधोमध. तराफ्याची टोकं फिरतात, पण मधला बिंदू फिरून जागच्या जागीच. हा बिचारा तिथं बसून उपग्रहाला विचारतोय, मी हललो का? उपग्रह म्हणतोय, नाही. मग कोण कसं हलणार!

राग गेला नाही, पण त्याला आता दिशा मिळाली.

"होकायंत्र आहे ना तुझ्याकडं? काटा बघ."

तांडेलनं काटा पाहिला. "छपराची दिशा बदलली आहे," तो म्हणाला. "मी हे मोजतो, पण बेरजेत धरायला मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आम्हाला धडा तूच शिकवलास ना? परिबल म्हणजे काय?"

"परिबल (बलाची वस्तूला फिरवण्याची क्षमता) म्हणजे बल गुणिले बिंदूपासून बलाच्या रेषेपर्यंतचं लंब अंतर," तांडेलनं घडाघडा म्हणून दाखवलं.

"पाठ आहे सगळं, आणि कळलेलं काडीचं नाही!" गोदा कडाडली. "घराचं दार बिजागरीजवळ ढकललं तर उघडता उघडत नाही. कडेला ढकललं तर करंगळीनं उघडतं. जोर तोच, अंतर जास्त, म्हणून परिबल जास्त. बरोबर?"

"बरोबर. पण दाराला बिजागरी असते, गोदाताई. तराफ्याला नाही. बिजागरीनं धरून ठेवलं नाही तर ढकललेली वस्तू सरकतेच. मघाशी पिंप फुटलं ते त्यामुळेच."

हे मात्र खरं होतं. गोदानं दातओठ खाल्ले. बिजागरी आणायची कुठून? टाकीतली बोटुकली वर येऊन तोंडं उघडमीट करू लागली होती. आणि तिकडे भैरू महाराज काय करत होते, तर खडकाला टेकून पाण्याची बाटली उघडत होते! इथं जीव जातायत आणि याला तहान लागलीय. ती त्याच्या अंगावर खेकसणार, तोच तिची नजर त्याच्या बोटांवर खिळली.

झाकणाला एका बाजूनं अंगठा, दुसऱ्या बाजूनं बोट. अंगठा पुढे ढकलतोय, बोट मागे ओढतंय.

"भैऱ्या! हलू नको! परत लाव ते झाकण. आता उघड." अबोला मोडल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. "तांडेल, याच्या बोटांची बेरीज किती?"

"शून्य."

"आणि झाकण?"

"फिरतंय," तांडेल म्हणाला. मग, जरा वेळानं, "आणि बाजूला सरकत नाहीये."

"नुसत्या अंगठ्यानं ढकललं तर बाटली हातातनं निसटंल," भैरू पुटपुटला. "बोट तिला उलटं आडवतं, म्हणून ती जागेवर राहती. पण फिरवायच्या कामात दोघं एकाच बाजूचे."

गोदानं त्याच्याकडे रागानं पाहिलं, कारण त्याचं बरोबर होतं. अंगठा आणि बोट यांची ढकलायची भांडणं एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून सरकणं शून्य. पण दोघं वेगवेगळ्या रेषेत आहेत. मधल्या बिंदूकडून पाहिलं तर दोघंही झाकणाला एकाच अंगानं फिरवतात. ढकलण्याची बेरीज शून्य, फिरवण्याची बेरीज दुप्पट! ती भैरूच्या नाकासमोर उभी होती तेव्हा दोघांचा जोर एकाच रेषेत होता, म्हणून काहीच झालं नाही. ती तोंड फिरवून टोकाला गेली आणि दोन रेषांमध्ये अंतर पडलं.

"बलयुग्म," तांडेल हळूच म्हणाला. या वेळी तो पाठ म्हणून दाखवत नव्हता. "सारख्या जोराची, समांतर, उलट दिशेची दोन बलं. त्यांचं परिबल म्हणजे एक बल गुणिले दोन रेषांमधलं अंतर. त्याला बिजागरी लागत नाही. म्हणजे मला दोन बेरजा करायला हव्या होत्या, गोदाताई. एक सरकण्याची आणि एक फिरण्याची. दोन्ही शून्य आल्या, तरच हलवणारं काही उरलं नाही असं म्हणायचं."

"मग आता भाषण पुरे आणि बोटी लाव!"

बोटी लागल्या, पण तांडेलनं भीतभीत त्या मध्याजवळच लावल्या. तराफा नको नको म्हणत इंचभर वळला.

"टोकाला! पार टोकाला लाव!"

दोन रेषांमधलं अंतर वाढलं, आणि बोटींचा जोर तितकाच असूनही तराफा डौलात फिरू लागला. फुटक्या पिंपाचा कोपरा खडकापासून वीतभर अंतरावरून गेला. छप्पर दक्षिणेला गेलं, मग हळूहळू उगवतीच्या उलट बाजूला आलं. तांडेलनं बोटी झटकन पलीकडच्या बाजूंना नेल्या आणि उलटा रेटा दिला, कारण फिरती वस्तू थांबवायलाही बलयुग्मच लागतं. तराफा थांबला.

सूर्य कलला तेव्हा छपराची सावली सहाही टाक्यांवर पडलेली होती. बोटुकली तळाशी गेली, गारव्याला.

भैरू फुटक्या पिंपाच्या जागी दुसरं पिंप बांधत होता. "गोदे," तो मान वर न करता म्हणाला, "चुकलंच माझं."

"चुकलंच," गोदा म्हणाली. तिचा राग इतक्यात जाणारा नव्हता, आणि त्यानंही तो गेला पाहिजे असं म्हटलं नाही.

"मी हिशेब केला आहे," तांडेल मध्येच बोलला. "गावातले सगळे तराफे असेच जागच्या जागी फिरवता येतील. म्हणजे छपरांवरच्या सौर पॅनेलांचं तोंड दिवसभर उन्हाकडे राहील. वीज दीडपट मिळेल. आणि गोदाताई, वर जे उपग्रह मला जागा सांगतात ना, त्यांनाही अंतराळात टेकायला काही नसतं. तेही जागच्या जागी फिरायला बलयुग्मच वापरू शकतात."

गोदानं वर पाहिलं. आभाळात काही दिसत नव्हतं, पण तिकडे कुणीतरी दोन्ही बाजूंनी उलटं ढकलतंय हे तिला आवडलं.

आठवड्यानं पाणी चढलं, तराफा खाचेतून निघून नदीच्या तोंडाशी आला आणि बोटुकली सोडायचा दिवस उजाडला. तराफा पुन्हा वळवायचा होता, टाक्यांचं तोंड प्रवाहाकडे करून. ढकलबोटी गावाच्या दुसऱ्या टोकाला कामावर होत्या. गोदा कंबरभर पाण्यात उतरली, तराफ्याच्या एका टोकाला हात लावले आणि गाव गोळा होईल अशा आवाजात ओरडली, "भैऱ्या! कुठं मेलायस? ये लवकर, माझ्या उलटं ढकलायला!"