वरच्या लाईनीवरची पावलं

भागुबाई त्या दिवशी गोदावरीवर गेली ती वाळू आणायला. पिशवीभर आणली अन् घरी येऊन पिठाच्या चाळणीनं चाळली. सून सोनू दारातून बघत होती. आता ह्या चाळणीतलं पीठ तुमीच खा, असं म्हणून गेली.

भागुबाईचा नवरा रायभान रेल्वेत गँगमन होता, लाईनीवरून चालत रूळ तपासायचा. डाव्या पायावर रूळ पडला तेव्हापासून पाय ओढत, काठी टेकत चालायचा. रिटायर झाल्यावर मागच्या खोलीत टेबल टाकून त्यानं छोटी रेल्वे मांडली. खालची लाईन पुरी केली. वरची, पुलावरची, अर्ध्यावर टाकून पोळ्याच्या आधी गेला. आता ती खोली सोनूला शिलाई मशीनसाठी पाहिजे होती. तिचंही खोटं नव्हतं. रविवारी टेबल मोडायचं ठरलं. त्याआधी एकदा, फक्त एकदा, भागुबाईला गाडी वर चढलेली बघायची होती.

चढ असा द्यावा की गाडीला कळूच नये, असं रायभान सांगायचा. म्हणून तिनं बांबूची कांडं एकापेक्षा एक काडीभर उंच कापली, त्यांचे खांब केले, खांबांवर पट्टी ठोकली, पट्टीवर काड्यांचे आडवे स्लीपर चिकटवले, स्लीपरांवर रूळ, रुळांत गोंद अन् वाळू. चार दिवस पाठ मोडून घेतली. ऊसतोडीत करंगळी तुटलेला उजवा पाय बसून बसून सुजला.

शुक्रवारी दुपारी बटण फिरवलं. इंजिन खाली झकास फिरलं. चढाच्या तोंडाशी आलं अन् थांबलं. चाकं घसरत नव्हती. बैलानं पाय रोवावेत तसं नुसतं उभं.

का ते तिला कळलं. नवी लाईन झाली की रायभान आधी तिच्यावरून दोन बोटं चालवायचा, एकेका स्लीपरवर. माणूस चालला नाही त्या लाईनीवर गाडी सोडायची नाही, हा त्याचा कायदा. ती हसायची.

"मी काय गँगमन हाय?" ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "लाईन तुमची. चालायचं आसंल तर तुमीच या."

वाळूवर पाणी शिंपडलं अन् दार ओढून घेतलं.

सकाळी दार उघडलं तर आत तापलेल्या लोखंडाचा वास. त्यात बिडीचा. ती टेबलाशी गेली.

ओल्या वाळूत पावलं होती. बाजरीच्या दाण्याएवढी. उजवं नीट उमटलेलं, डावं ओढलेलं, शेजारी काठीचं टोक. चढाच्या पायथ्यापासून पुलाच्या माथ्यापर्यंत. परत उतरलेली नव्हती.

भागुबाई भ्याली नाही. लहानपणी येलदरीच्या धरणाचे दरवाजे उघडलेले पाहिले होते, तेव्हा पाण्यापुढं जशी वाचा बसली होती तशी आता बसली. तिनं सोनूला हाताची खूण करून बोलावलं अन् बटण फिरवलं.

गाडी चढली. कुठं चढ लागला ते गाडीला कळलंच नाही. माथ्यावर आपसूक थांबली, एक माणूस डब्यात चढावा इतका वेळ. मग निघाली.

सोनूचा हात पदरावर गेला.

"आत्याबाई... लाईट तर पहाटंच गेलीय..."

वरचा पंखा बंद होता. दोघी बघत राहिल्या. गाडी फिरत राहिली.

रविवारी शिलाई मशीन ओसरीत मांडली. सोनूनंच. टेबलाचं नाव कुणी काढलं नाही.

सोमवारी भागुबाईनं रायभानचं भिंग घेऊन पावलं पुन्हा पाहिली. त्याच्या पावलांशेजारी दुसरी उमटली होती. अनवाणी, बाईची. तीन स्लीपरपर्यंत. उजव्या पायाला करंगळी नव्हती.

मंगळवारी चार स्लीपर झाले.

माथ्यापर्यंत किती स्लीपर, ते तिला पाठ आहे. तिनंच चिकटवलेत. सोनूनं विचारलं तर सांगत नाही. खोलीला कडी मात्र लावत नाही.

बुधवारी ती बाजेवरून उठली तेव्हा तळव्यांना वाळू होती. ओली. बारीक, चाळलेली.