नकाराचा अंगठा

"बापानेच मला नको म्हटलं का, एवढंच शोधून द्या," असं म्हणून त्या मुलीने मांडीवरची पर्स घट्ट धरली. 

ती शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. बाप तुरुंगात होता. भांडणात त्याच्या हातून शेजाऱ्याचा जीव गेला होता. शिक्षेच्या नवव्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वैद्यकीय पॅरोल मंजूर झाला, तसं मुलीने न्हाणीघराचं दार रुंद करून घेतलं, डोकं वर करता येणारी खाट आणली. सुटकेच्या आदल्या दिवशी निरोप आला, कैद्याने स्वतःच लेखी नकार दिला आहे. दुखावलेली ती भेटायला गेली नाही, आणि अकराव्या दिवशी तो तुरुंगातच वारला.

बाईंनी वहीत चार ओळी लिहिल्या. बाई बावीस वर्षं कोर्टात लघुलेखिका होत्या. लोकांचं बोलणं उतरवता उतरवता ते काय गिळतात तेही त्यांना ऐकू येऊ लागलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी खासगी तपास सुरू केला, आणि शेजारचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर त्यांची पिशवी धरून हिंडू लागले.

"घरात कोणाचा विरोध होता?"

"दादाचा," मुलगी खाली बघत म्हणाली.

दादा गॅरेजमध्ये एका गाडीखाली होता. बाहेर न येताच बोलला. "तो माणूस माझ्या घरात नको, हे मी दहा जणांसमोर सांगितलंय. चोरून नकाराचा कागद कशाला करू? नऊ वर्षांत मी त्या फाटकात पाय ठेवला नाही."

"हाच!" रस्त्यावर येताच मास्तर म्हणाले. "चोराच्या उलट्या बोंबा."

बाईंनी तुरुंगाकडे जायला रिक्षा थांबवली.

तुरुंगाच्या फाटकावर दोघांचे अंगठे घेतले. मास्तर रुमालाने काळी शाई पुसत राहिले. ती जाता जाईना. बाईंनी भेटीची वही चाळली. नऊ वर्षांत मुलीच्या सह्या होत्या, दादाची एकही नव्हती.

कारकुनाने फाइल पुढे सरकवली. "हा नकाराचा कागद. तक्रारपेटीत मिळाला."

अक्षर मुद्दाम वाकडं काढलेलं होतं. *मला घरी जायचे नाही. पडून पडून माझी पाठ फुटली आहे. जखमा दिवसातून चार वेळा धुवाव्या लागतात. घरी हे कोणाला जमणार नाही.* खाली अंगठा.

"रंग छान आहे," मास्तर पुटपुटले. "जांभळा, आणि कडेला हिरवट चमक."

"लिहिणाऱ्याचं नाव नाही?" बाईंनी विचारलं.

"अंगठा कैद्याचाच आहे, तपासलाय," कारकून म्हणाला. "आमचं काम झालं."

"तुमच्याकडे शाईचे पॅड किती?"

"एकच. फाटकावरही याच डबीतली शाई जाते."

रुग्णकक्ष समोरच्या अंगणापलीकडे होता. दोन खाटा, दोन्ही रिकाम्या. डॉक्टर घाईत होते.

"जखमांची काळजी? सकाळ-संध्याकाळ धुवायच्या, तक्त्यावर लिहिलंय. बाकी सगळं हा सेवेकरी बघायचा."

सेवेकरी म्हणजे एक कैदीच होता, पन्नाशीचा, मृदू आवाजाचा. तो जांभळ्या डागांचं फडकं पिळत होता. कपाटात त्याच रंगाची औषधाची बाटली होती.

"डॉक्टर दोनदा म्हणायचे, मी चारदा धुवायचो," तो म्हणाला. "कोणाला सांगितलं नाही, देखाव्यासाठी थोडंच करतो? मुंगी चढू दिली नाही अंगावर."

"हे काम आवडतं?"

"धोबीखान्याच्या वाफेत मरण्यापेक्षा बरं. शिवाय शिक्षेत महिन्याला सहा दिवसांची सूट मिळते. पण खाटेवर माणूस हवा ना. सोमवारपासून परत धोबीखाना."

दोन दिवसांनी बाईंनी सगळ्यांना अधीक्षकांच्या खोलीत बसवलं. बहीण-भाऊ दोन टोकांना बसले.

"दादा फाटकाच्या आत आलाच नाही," बाई म्हणाल्या. "मग अंगठा आतल्या माणसाने घेतला. कोणत्या खोलीत? ऑफिसची शाई काळी आहे, मास्तरांच्या बोटावर अजून आहे. कागदावरची जांभळी, हिरवट चमकेची. मास्तरांनी तेव्हाच सांगितलं होतं, अर्थ तेवढा लावला नाही. ते जखमेवरचं औषध आहे."

"म्हणजे डॉक्टर?" मास्तर दचकले.

"डॉक्टरांनी 'दोनदा' लिहिलं असतं. कागदात 'चार वेळा' आहे. चारदा धुतात हे जगात एकालाच माहीत होतं." त्या सेवेकऱ्याकडे वळल्या. "झोपेत अंगठा घेतलास?"

त्याने मान खाली घातली. "खाट रिकामी झाली असती. माझी दोन वर्षं उरलीत. पण मी त्यांना बापासारखं सांभाळलं, बाई."

"सांभाळलंस. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही." बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. "खाटेपर्यंत पन्नास पावलं. 'तुम्हाला जायचंय का' एवढं कोणी विचारलं?"

"मला वाटलं, ऑफिसने विचारलं असेल," डॉक्टर म्हणाले.

"आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी," कारकून म्हणाला.

मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "सुटका होणार हे बाबांना कळलं होतं?"

सेवेकऱ्याने मान हलवली. "कळलं होतं. डाव्या हाताने खाटेखालच्या चपला दाखवायचे. घाल म्हणायचे खुणेने. तीन दिवस. बघवेना, म्हणून मी चपला कपाटात टाकल्या."

"म्हणजे यायचं होतं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

कारकून खाकरला. "साहेब, नकार खोटा ठरला, म्हणजे मूळ मंजुरी कायम राहते. फाइलवर तसा शेरा मारू?"

अधीक्षकांनी त्याच्या हातातून फाइल काढून घेतली. मास्तरांना उगाच आपल्या काळ्या अंगठ्याची लाज वाटली.

चपला आणल्या गेल्या. टाचेला झिजलेल्या, उजवीचा पट्टा दोऱ्याने शिवलेला. मुलीने सही करून त्या घेतल्या. दारापाशी दादा आडवा आला. 

"दे इकडे. मी धरतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं, चपला छातीशी धरल्या आणि त्याला वळसा घालून बाहेर पडली.