उंबऱ्यावर राहिलेली वाटी

सिंधुबाई इजिप्तला गेली ती भाकऱ्या थापायला. अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा होता. नाशिकच्या एका कंपनीचे फिटर तिकडे साखर कारखान्याची यंत्रं बसवायला निघाले होते, आणि त्यांचा मुकादम कोंडाजी साहेबाला सरळ म्हणाला, "बाई येत असतील तर आम्ही जातो. तिकडं जाऊन उपाशी मरायचं नाय आम्हाला." सातपूरला सिंधुबाईची खानावळ होती. तिच्या हातच्या काळ्या मसाल्याच्या आमटीसाठी माणसं पाळी सुटली की सायकली दामटत यायची.

ही खानावळ सुखासुखी उभी राहिली नव्हती. सिंधुबाई बौद्ध. चुलीपुढे कोण बसतं हे कळल्यावर दारातून मागे फिरलेली माणसं तिने पाहिली होती, आणि ती विसरणाऱ्यांतली नव्हती. तिचा बाप तरुणपणी काळारामाच्या बंद दारासमोर सत्याग्रहात उभा राहिला होता. ते दार काही त्याच्यासाठी उघडलं नाही. लेकीने दारं ठोठावण्याच्या भानगडीत न पडता फोडणी दिली. वास रस्ता ओलांडून गेला, आणि मागे फिरलेले एकेक करून पाटावर येऊन बसले. तिची सगळी इज्जत त्या चवीत होती. दुसरं तिच्याकडे होतं काय?

तर इजिप्त. शुक्रवारी तिथे कारखान्याला सुट्टी असे. अशाच एका शुक्रवारी सगळी मंडळी ट्रकात बसून जुनी देवळं बघायला निघाली. सकाळी मोठमोठ्या खांबांचं देऊळ झालं. दुपारी नावेतून नदी ओलांडली. पलीकडे नुसता बोडका डोंगर, आणि त्याच्या पोटात खोदलेली थडगी. सिंधुबाई अंगाने चांगली भरलेली. एका थडग्याच्या अरुंद तोंडाशी ती अडकली, तेव्हा दोघांनी आतून ओढली.

"मेल्यावर इतकं बारीक व्हावं लागतं होय?" ती धापा टाकत म्हणाली. पोरं खो खो हसली.

आत थंडावा असेल असं वाटलं होतं, पण हवा कोमट होती. तापलेल्या मातीचा आणि जुन्या कापडाचा वास येत होता. राखणदार म्हाताऱ्याने आरशाने उजेड आत फेकला तसं समोरच्या भिंतीवर एक दार दिसलं. दगडातच कोरलेलं. चौकट, उंबरा आणि मधोमध सुताएवढी फट. दाराच्या वर एक बाई कोरलेली, बसलेली, आणि तिच्यापुढे भाकऱ्यांची चवड. म्हातारा मोडक्या इंग्रजीत काहीतरी बोलला. कोंडाजीने सांगितलं, "हे म्हणे उघडायचं दार नाय. मेलेलं माणूस यातून जेवायला येतं. आधी घरचे लोक इथं पान ठेवायचे. आता हिचं कुणी उरलं नाय."

बंद दार आणि दगडाच्या भाकऱ्या! सिंधुबाईने पिशवीतून डबा काढला, सांज्याची वाटी भरली आणि त्या उंबऱ्यावर ठेवली. स्टीलची वाटी, काठाशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं: सिंधुबाई, सातपूर, नाशिक.

"जेवा बाई," ती म्हणाली. मग कुणाच्याही घरून निघताना आपण म्हणतो तसं सवयीने म्हणून गेली, "आणि या एकदा आमच्याकडं नाशिकला."

पोरं पुन्हा हसली. म्हातारा मात्र हसला नाही. निघताना सिंधुबाई वाटी उचलायला वाकली, तर त्याने तिचा हात धरला आणि नुसती मान हलवली. वाटी तिथेच राहिली.

उन्हाळ्यात मंडळी परतली. खानावळ पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी पंगतीत भरपूर गप्पा व्हायला हव्या होत्या, त्या झाल्याच नाहीत. माणसं खाली मान घालून जेवत होती. कोंडाजी हळूच म्हणाला, "बाई, मीठ राह्यलं का?"

मीठ दिलं. चव लागेना. तिखट घातलं. लागेना. आमटीवर तांबडाभडक तवंग, फोडणी तडतडलेली, पण घास तोंडात घातला की पाणी चावल्यासारखं वाटे. फोडणीचा वास अंगणापर्यंतही जात नव्हता. सिंधुबाईने मसाला नव्याने कुटला, पाणी बदललं, चुलीतली लाकडं बदलली. तिच्याकडे पोळ्या लाटायला येणारी पुतळाबाई म्हणाली, "पंचवटीत एक भगत हाय..."

"माझ्या बापानं घरातले देव गोदेत सोडले, ते भगताच्या पाया पडायला नाय," सिंधुबाई कडाडली.

माणसं गळायला लागली. एका दुपारी हात धुता धुता कुणीतरी पुटपुटलं, "शेवटी कुणाच्या हातचं ते बघावंच लागतं." तिने ते ऐकलं. एवढ्या वर्षांनी तेच वाक्य! तिच्या अंगाचा भडका उडाला. भांडं आपटून ती चुलीकडे वळली, आणि तिथेच थबकली.

चुलीमागची भिंत धुराने काळीकुट्ट झालेली होती. त्या काळ्यात एक जागा पांढरी राहिली होती. तिथे काजळी धरतच नव्हती. चौकट. उंबरा. मधोमध सुताएवढी फट.

आणि मसाल्याच्या घरात तापलेल्या मातीचा वास येत होता... जुन्या कापडाचा...

सिंधुबाई बराच वेळ बघत राहिली. भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त तिला राग आला. आपण बोलावलं म्हणून ही बाई एवढा समुद्र ओलांडून आली, आणि बसायला पाट नाही, पुढ्यात पान नाही म्हणून रोज पंगतीच्या ताटातली चव चाटून जाते!

"पुतळाबाई, पत्रावळ आण."

"बाई... आता कुणासाठी? पंगत उठली."

"आण म्हणते ना!"

भर दुपारची वेळ. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सिंधुबाईने भिंतीसमोर पाट मांडला, पत्रावळीवर भाकरी, पिठलं, ठेचा आणि मूदभर सांजा वाढला, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि समोर मांडी घालून बसली. पुतळाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहिली, पदर तोंडात धरून.

"बोलावलं मी," सिंधुबाई भिंतीला म्हणाली. आवाज आधी चिरकला, मग ठणठणीत झाला. "तेव्हा उजळ माथ्यानं ये. माझा बाप दारात उभा राह्यला, त्याला आत घेतलं नाय. माझ्या दारात मी कुणाला ताटकळत ठेवत नाय, मेलेल्यालासुद्धा. बस, पोटभर जेव. पण माझ्या माणसांच्या ताटातलं चोरून खायचं नाय. ती चव माझी हाय. लय मुश्किलीनं कमावलीय."

काही झालं नाही. मग जातं फिरावं तसा दगडावर दगड घासल्याचा आवाज आला. चूल विझलेली असून खोली कोमट झाली. पुतळाबाई हुंदका दिल्यासारखं काहीतरी म्हणाली... पाटाचं लाकूड करकरलं, कुणी बसल्यावर करकरतं तसं.

सिंधुबाई पंख्याने वारा घालू लागली. पत्रावळीवरची वाफ एकाएकी वर जायची थांबली आणि भिंतीकडे वळली.

"अजून वाढू?" तिने विचारलं. पाहुण्याला आग्रह हा करावाच लागतो.

तांब्यातलं पाणी खाली खाली जात होतं.

"झालं पोट भरून? मग ऊठ आता. माझी दुसरी पंगत यायचीय."

पुन्हा दगड घासला. आणि मग... ठण्ण.

पाटावर एक वाटी होती. स्टीलची. काठाशी ठिपक्यांत कोरलेलं नाव: सिंधुबाई, सातपूर, नाशिक.

"बाई..." पुतळाबाई आत डोकावली. "बाई, भरून दिलीय..."

शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही. तिकडेही करत नसावेत. वाटीत गव्हाचा जाडसर लगदा होता, खजुराचा आणि मधाचा वास असलेला. आणि तो गरम होता, नुकता चुलीवरून उतरवल्यासारखा.

"खाऊ नका. तिनं भरून दिली, म्हणजे आता तुमची पाळी... आता तुम्हाला जावं लागंल, बाई!"

सिंधुबाईने बोट बुडवलं आणि चाखलं. क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाली, "गोडाला चिमूटभर मीठ लागतं, ते कळलं नाय हिला."

ती उठली, कमरेवर हात ठेवून भिंतीपुढे उभी राहिली. "येईन की. वाटी भरून घेऊन येईन, आमच्यात बोलावणं मोडत नाय. पण तू ये म्हणलीस म्हणून धावत येणारी मी नाय. माझी पंगत उठंल तेव्हा येईन. तवर बस वाट बघत."

त्या संध्याकाळी फोडणीचा वास रस्ता ओलांडून गेला. कोंडाजीने तीनदा आमटी मागून घेतली. ते पुटपुटणारं माणूसही आलं. सिंधुबाईने त्याला वाढलं, जरा जास्तच वाढलं, आणि संपेपर्यंत समोरून हलली नाही.

ऐंशीचं दशक सरत आलं तरी खानावळ चालू आहे. ती वाटी फळीवर असते. तिच्यातलं कधी आटत नाही, नासत नाही, आणि हात लावला तर अजून कोमट लागते. दरवर्षी जयंतीच्या आधी सिंधुबाई चुलीमागची भिंत चुन्याने पांढरी करते. पावसाळा लागेपर्यंत सगळीकडे काजळी धरते, दार सोडून. मधली फट मात्र पहिल्यासारखी सुताएवढी राहिलेली नाही. आधी बोट जायचं. मग लाटणं गेलं. यंदा पुतळाबाईने डोळे मिटून हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला, आणि आतून तिला उबदार वारा लागला.

ती रडकुंडीला येऊन सांगायला आली तेव्हा सिंधुबाई परात पुढ्यात घेऊन बसली होती. तिने एकवार त्या फटीकडे बघितलं, मग आपल्या अंगाकडे.

"अजून मला पुरत नाय," ती म्हणाली. "चल, कणीक भिजव."