निळा जाळ

शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा. खोटं असेल तर माझी जीभ इथंच, बोलता बोलता गळून पडो!

रशियातल्या एका गावावर पहाट उजाडत होती. थंडी अशी, की लांडगेसुद्धा दाराशी येऊन "जरा शेकू द्या हो" म्हणायचे. हिटलरची फौज गाव लुटून दमली होती, आणि गाव लुटलं जाऊन. उरलीसुरली माणसं धान्याच्या कोठारात कोंडलेली. दुपारी त्यांना जर्मनीला वेठीला धाडायचं होतं. त्यांत गावातल्या म्हाताऱ्या अग्राफेनाची लेक, उस्तिन्या. कुलपाची किल्ली कप्तानाच्या कोटात.

अग्राफेनाला तेवढं बाहेर ठेवलं होतं, कारण निघण्याआधी कप्तानाची स्वारी न्हाणार होती आणि भट्टी पेटवायला कुणीतरी हवं होतं.

तिकडचं न्हाणीघर म्हणजे लाकडी खोली, भली मोठी भट्टी आणि वाफ. निखाऱ्यांवर निळा जाळ नाचतोय तोवर धुराड्याची झडप लावायची नाही, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. लावली, तर हवेत विष कोंडतं. वास नाही, धूर नाही, पेंगलेला माणूस उठतच नाही.

अग्राफेनानं झडप लावली.

कप्तान दोन शिपाई घेऊन आला. बाकीची फौज पुढं गेली होती. संगती दुभाष्या प्रोखोर, याच गावचा, जर्मनांना जाऊन मिळालेला.

"काय रे, धन्याची पाठ घासायला आलास?" अग्राफेनानं विचारलं.

"तोंड आवर, साविच्ना." तिकडच्या रीतीनं तो तिला तिच्या बापाच्या नावावरून हाक मारायचा.

कप्तानानं भट्टीत डोकावून निळ्या जाळाकडं बोट केलं, काही विचारलं. प्रोखोरनं जाळ पाहिला. मग मान वर करून झडप पाहिली. अग्राफेना फडकं घेऊन उगाच बाक पुसू लागली.

"हुजूर," प्रोखोर जर्मनमध्ये अदबीनं म्हणाला, "आमच्याकडे थोरामोठ्यांच्या स्वागताला असाच जाळ करतात."

कप्तान हसला. पण गडी पक्का! कोट प्रोखोरच्या हातात दिला आणि फर्मावलं, म्हातारीनंही आत बसायचं.

बसली. फरशी पुसायचं सोंग करत दाराच्या फटीला तोंड लावून पडली. फटीतून बर्फाचा गार वारा येत होता. वरच्या बाकावर कप्तानाच्या आणि शिपायांच्या गप्पा झाल्या, मग जांभया, मग घोरणं. तिच्या अंगात साऱ्या लढाईची झोप एकदम उतरली. मिटावेत डोळे, संपावं एकदाचं... उस्तिन्या आठवली. घोरणं थांबलं तशी ती दार ढकलून बाहेर रांगली.

समोर प्रोखोर, हातावर कोट.

"मार हाक, कुणाला मारायची ती," ती म्हणाली. "मी दमले बाबा."

त्यानं किल्ली तिच्यापुढं धरली.

"मग तूही चल की!"

"जंगलातले आपले लोक मला झाडाला टांगतील, साविच्ना. आणि पळायचं त्राणही नाही." तो तिथंच पायरीवर बसला.

कोठार उघडलं. लेकीनं आईला पाठुंगळी घेतलं आणि सारी माणसं जंगलात, लढणाऱ्यांकडे गेली. फौज हुसकावल्यावर माणसं परतली, तर घरं जळून गावात नुसती धुराडी उभी. प्रोखोर कुणालाच दिसला नाही. तो गद्दार की आपला, यावर माणसं वर्षानुवर्षं भांडली. अग्राफेना त्या भांडणात कधी पडली नाही.

आता एक कबूल करते. ते स्वागताच्या जाळाचं वाक्य माझ्या पदरचं. जर्मन तिथं प्रोखोरशिवाय येत होतं कुणाला? तो कप्तानाला काय म्हणाला, ते अग्राफेनाला मरेपर्यंत कळलं नाही.