सावडीची गड्डी

सारिकाचं एक ठाम मत होतं. कुठेही नवं सॉफ्टवेअर बसवायचं तर आधी तिथला चहा बघावा. कोण करतं, पहिला कप कोणाला जातो, कोणाला कोणी विचारतच नाही. माणसांचा खरा नकाशा तिथे कळतो, मीटिंगमध्ये नाही. पुण्यातल्या तिच्या कंपनीत या मताला कोणी हिंग लावून विचारत नसे, आणि खरं सांगायचं तर घाईत असली की तीही ते विसरायची.

लोणावळ्यातली हॉटेलं, एक बेकरी, दोन गोदामं एवढ्या ठिकाणी तिने आपोआप तयार होणारे रिपोर्ट बसवले होते. सकाळी मालकाने डोळे चोळत मोबाइल उघडावा आणि कालचा सगळा धंदा रंगीत पट्ट्यांत समोर दिसावा, हे तिचं काम. या जानेवारीत ती पवन मावळातल्या गुलाबांच्या पॉलिहाऊसवर आली. लोणावळ्यात तुंगार्लीला ती राहायची; तिथून स्कूटर काढायची, कामशेतला हायवे सोडायचा आणि पवनानगरच्या रस्त्याला लागायचं. उजाडता उजाडता तिकोना किल्ला धुक्यातून फक्त टोक दाखवायचा. पॉलिहाऊसच्या पांढऱ्या कागदावरून दव टपटप गळत असायचं आणि आत बायकांच्या कात्र्या चालू झालेल्या असायच्या.

व्हॅलेंटाइनचा हंगाम. लाल फूल परदेशी जाणार, म्हणून मालक सत्यम जमिनीपासून वीतभर वरच चालत होता. सारिकाने प्रत्येकीला गळ्यात घालायचं कार्ड दिलं. फुलं कापायची, गड्डी बांधायची, पॅकिंगच्या शेडमध्ये यायचं, यंत्राला कार्ड दाखवायचं आणि गड्डी काट्यावर ठेवायची. लगेच भिंतीवरच्या टीव्हीवर आपल्या नावापुढे एक गड्डी वाढायची. दिवसाच्या ठरलेल्या आकड्याच्या वर गेलेलं नाव हिरवं, खाली राहिलेलं लाल. ही रेघ सारिकानेच ओढली होती, एका दुपारी, डबा खाता खाता.

"हे एकदम क्लिअर झालं, मॅडम," सत्यम म्हणाला. "महिनाअखेर जी लाल राहील, तिला हंगामानंतर थांबवू. मला कोणाला वाईट बोलायला नको, टीव्हीच बोलेल."

लाल नाव एकच होतं, तेही रोज जेमतेम एका गड्डीने मागे. अंबूबाई.

अंबूमावशी साठीच्या पुढची. गुडघे वाजायचे, पण हात थांबत नव्हते. डोंगराच्या अंगाला तिचं घर होतं, आणि त्या घरात ती एकटीच होती. सकाळची गाडी पकडून इथे येणं हेच तिचं माणसांत येणं. टीव्हीवर आपलं नाव लाल का, हे तिने विचारलं नाही. फक्त दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन ती टीव्हीकडे पाठ करून बसू लागली. ते सारिकाला दिसलं आणि मनाला लागलं.

शेडची सुपरवायझर सविता एकदा चहा देता देता म्हणाली, "ताई, मावशीचं नाव त्या टीव्हीवरनं काढता येईल का?"

"काढलं तर हजेरीही जाईल."

सविता ट्रे टेबलावर ठेवून जवळ बसली. मग तिने सांगितलं ते असं. शेवटच्या बेडवर, म्हणजे गुलाबांच्या वाफ्यावर, अंबूमावशी आणि मुमताज अशी जोडी होती. एकीने या अंगाने कापायचं, दुसरीने त्या अंगाने. मुमताज पवनानगरची, डावखुरी, तोंडाची फटकळ. गेल्या वर्षी ती आजारी पडली तेव्हा अंबूमावशीने दोन्ही अंगांनी बेड कापला आणि अर्ध्या गड्ड्या मुमताजच्या नावावर मांडायला लावल्या.

"म्हंजी सावड वो. भातलावणीला न्हाई का, आज तू माज्या खाचरात, उद्या मी तुज्या. पैशानं फिटत न्हाई ती, जाऊनच फेडायची. आन् पुरती फेडायची बी न्हाई. एक दिस शिल्लक ठेवायचा, न्हाईतर येनंजानं तुटतं. मुमताज म्हनायची, फेडीन गं अंबू, उभी तर राहू दे मला." सविताने कप उचलले. "उभी न्हाई राहिली. पावसाळ्यात गेली. चहा बी कदी पुरता प्यायची न्हाई ती, तळाला घोटभर ठिवायचीच. मी लय बोलायची तिला त्यावरनं."

त्या बेडवरच्या जुन्या लाल जातीला त्याच पावसाळ्यात रोग पडला. झाडं उपटली. आता तिथे नुसती उकरलेली माती होती.

सारिकाला वाईट वाटलं. पण ती खोटं बोलणारी नव्हती. "सिस्टिममध्ये एकीचं काम दुसरीच्या नावावर जात नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबूबाईंचं नाव हिरवं झालं.

सारिका मनात हसली. बायका आपल्या गड्ड्या मावशीच्या कार्डावर टाकत असणार. सत्यमचाही तोच संशय. तसं असेल तर बाकीच्यांचे आकडे घटायला हवे होते. ते घटले नव्हते. मग यंत्र एकच गड्डी दोनदा मोजत असेल, म्हणून ती स्वेटर घालून कोल्ड रूममध्ये शिरली आणि बादल्यांतल्या गड्ड्या हाताने मोजल्या. यंत्र बरोबर होतं. जेवढ्या टीव्हीवर, तेवढ्याच बादल्यांत. मावशीच्या नावावरची फुलं खरीच कुठून तरी येत होती.

मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "मी कापती तेवढीच कापती, बाई."

नोंदींमध्ये एक गोष्ट सारिकाला सापडली. मावशीची पहिली गड्डी रोज सगळ्यांच्या आधी पडत होती. गाडी यायच्या आधी. शेडचं कुलूप उघडायच्याही आधी. तिने घड्याळ तपासलं. घड्याळ बरोबर होतं.

म्हणून ती एका पहाटे सवितासोबतच येऊन थांबली. धुकं इतकं की कुलपाचं भोक बोटाने चाचपावं लागलं. दार सरकलं. आत टीव्ही चालू होता. अंबूबाईंच्या नावापुढे एक गड्डी लागली होती.

काट्यावर गड्डी होती. देठांतून पाणी टिपकत होतं.

सारिकाने आधी खिडक्या बघितल्या. आतून बंद. मग ती काट्याजवळ गेली, आणि जवळ जाण्याआधीच वास आला. परदेशी जाणाऱ्या फुलाला वास नसतो. ते टिकावं म्हणून वाढवलेलं असतं, हुंगावं म्हणून नाही. या फुलांना मंद, गोडसर वास होता.

"ही जुनी लाल हाय," सविता हळू आवाजात म्हणाली. "उपटली ती. रोज अंधारात तशीच बादलीत टाकली मी, कालची राहिली म्हनून."

तिने गड्डी उलटी करून देठांची टोकं पाहिली. बायका देठ तिरका कापतात, आणि सगळ्यांचा तिरकेपणा एकाच बाजूला झुकतो. या गड्डीतला प्रत्येक देठ उलट्या बाजूला तिरका होता.

"डाव्या हातानं कापल्यात."

"इथे डावखुरं कोण आहे?"

"आता कुनी न्हाई, ताई."

बाहेर गाडी थांबली. बायकांचा गलका आला. अंबूमावशी आत आली, तेव्हा तिचं कार्ड तिच्या गळ्यातच होतं. तिने गड्डी पाहिली. घाबरली नाही. फुलांवरून ओला तळवा फिरवत, शेजारणीला बोलावं तसं म्हणाली, "किती घाई करतीस गं. सावकाश फेड की."

 सारिका खुर्चीत बसली आणि तिने लॅपटॉप उघडला. ज्या नोंदीचं कारण सापडत नाही ती चुकीची धरून पुसायची, ही सगळ्यांचीच रीत. पुसायला एक बटण पुरे होतं. ते दाबलं की सगळं पुन्हा शहाण्यासारखं दिसलं असतं, आणि मावशी लाल झाली असती.

मावशी पदराने काटा कोरडा करत होती. पुढच्या गड्डीच्या वजनात पाणी मोजलं जाऊ नये म्हणून.

सारिकाने बोट मागे घेतलं.

दुपारी ती सत्यमसमोर बसली. पहाटेचं काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय होती?

"आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली. "नियम चुकलाय, आणि तो माझा आहे. इथे कोणी एकटीने काम करतच नाही. एक कापते, दुसरी निवडते, आज ही तिचं उचलते, उद्या ती हिचं. मी एकेकीची रेघ ओढली. जोडीची ओढायला हवी होती."

"म्हणजे कोणाला थांबवायचं ते कळणारच नाही?"

"थांबवायला कोणी सापडणार नाही. माल बघा ना, सगळा वेळेवर जातोय."

सत्यमने पेन टेबलावर आपटत थोडा विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त टीव्हीवर विश्वास ठेवून मोकळा झाला होता. "करा," तो म्हणाला. "आणि ते लाल काढून टाका. मलाही बघवत नव्हतं."

दोन दिवसांत टीव्ही बदलला. आता जोड्यांची नावं होती, आणि बाजूला सारिकाने 'सावड' नावाचा नवा रकाना केला होता. कोणाचं कोणाकडे किती येणं, एवढंच. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण सगळ्यांनी आपापली सावड सांगितली. सविताने पहिली नोंद मुमताजकडून अंबूबाईला असलेल्या येण्याची केली. किती, ते मावशीनेच बोटांवर मोजून सांगितलं. सारिकाने हरकत घेतली नाही.

हंगाम रंगला. मावशी आता बसून फुलं निवडायची, आणि तिच्या वाटची कापणी पोरी आळीपाळीने उचलायच्या. सत्यम स्वतः येऊन म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षीही या हं." मावशीने नुसती मान हलवली, पण त्या दिवशी डबा टीव्हीकडे तोंड करून खाल्ला.

पहाटेची गड्डी मात्र येतच राहिली. सविता ती बॉक्समध्ये घालत नसे. मावशी संध्याकाळी मुमताजच्या घरी देऊन यायची. रकान्यातलं येणं रोज एकाने कमी व्हायचं. सारिका ते पाहायची आणि कोणाला काही म्हणायची नाही. भीती होती, पण भीतीखाली काहीतरी ऊबदारही होतं. कोणीतरी शब्द पाळत होतं.

परदेशी जाणारा शेवटचा माल गेला, त्या दिवशी रकान्यात शून्य आलं.

"फिटली," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "आता कशाला येईल ती."

सारिकाचंही काम त्या दिवशी संपलं होतं. तरी दुसऱ्या पहाटे तिने स्कूटर काढली.

काट्यावर गड्डी होती.

एक, आणि येणं काहीच उरलेलं नसताना. टीव्हीवर रकाना उलटला होता. आता मुमताजचं अंबूबाईकडे एक येणं दिसत होतं.

मावशीने ते सविताकडून वाचून घेतलं आणि पोरीसारखी हसली. "मला म्हाईतच व्हतं. शिल्लक ठिवली बग." तिने कात्री उचलली. "मलाच आता जायला लागंल. सावड हाय."

"मावशी," सारिकाच्या तोंडून निघालं, "कुठे?"

"हितंच की. आपल्या बेडवर."

ती गुडघे धरत शेडच्या मागच्या दाराने गेली. रिकाम्या बेडवर धुकं साचलं होतं आणि त्यात ती दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने कात्रीचा आवाज आला. कच्. मग पलीकडच्या अंगाने, जरा भरभर, दुसरा आवाज आला. मावशीचं बोलणं ऐकू येत होतं. गुडघ्यांबद्दल, टीव्हीबद्दल, सत्यमबद्दल. मध्येच ती थांबायची, आणि मग हसायची.

सविताने चहा ओतला. सारिकाकडे न बघता तिने दोन कप ट्रेमध्ये ठेवले, ट्रे मागच्या दाराशी जमिनीवर ठेवला आणि परत आली.

ऊन आलं तशी मावशी बाहेर आली. ट्रे तिच्याच हातात होता. चेहऱ्यावर ताजेपणा होता. "उद्या लवकर ये म्हनली हाय," ती सविताला म्हणाली, आणि निवडायला बसली.

सारिकाने कप धुवायला घेतले. एक रिकामा होता. दुसऱ्याच्या तळाला घोटभर चहा होता, अजून कोमट.