चूलबंद आवतन

त्या सालात वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली, आणि इकडं अमरावतीच्या बाजारात कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. मग काय! लोकांनी वांगी उपटली, मिरच्या उपटल्या, अंगणातली तुळस तेवढी सोडली. अचलपूरच्या नत्थुजी माळ्यांनीही सारा फुलमळा मोडून सरकी टाकली. राहिला एकच वाफा, विहिरीजवळचा, खाटेएवढा. तो त्यांच्या सुनेचा, कौसल्येचा. आणि त्यात उघडी माती होती, दुसरं काही नाही.

"लोकं सोनं पिकवून राहिले, अन् आमची सून मातीची राखण करून राहिली," नत्थुजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

"निजलं हाये ते, मामाजी. उठन."

ते म्हणजे गाविलगडाच्या डोंगरातलं एक फूलझाड. मागच्या भादव्यात ती गडावरच्या देवीला गेली होती, तेव्हा उतारावरच्या गवतात तिनं ते पाहिलं. जमिनीतून एकच दांडा, त्यावर पांढरीशुभ्र फुलं, पंख पसरलेल्या बगळ्यासारखी. वास असा की बाई जागची हललीच नाही. माळ्याची लेक, माळ्याची सून, पण असलं फूल जन्मात पाहिलं नव्हतं.

डोंगरातलं झाड घरी आणायचं तर आदल्या दिवशी सुपारी-अक्षता ठेवून त्याला आवतन द्यावं लागतं. नाहीतर ते जगत नाही. कौसल्येनं अडकित्त्याचा चरा पडलेली एक सुपारी आणि हळदीच्या अक्षता मुळाशी ठेवल्या, आणि लग्नाचं आवतन देतात तसं हात जोडून म्हणाली, "उद्या घ्यायले येतो. चूलबंद आवतन हाये बरं!"

चूलबंद म्हणजे घरातलं एकूणएक माणूस. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायचीच नाही.

सकाळी गेली तर सुपारी नव्हती, अक्षताही नव्हत्या. उंदरानं नेलं असेल, म्हणून तिनं कंद त्याच्या तांबड्या मातीसकट टोपलीत घेतला.

दसऱ्याला पानं वाळली. तिनं पाणी तोडलं, वर पालापाचोळा पांघरला. उन्हाळ्यात एकदा हळूच माती सारून पाहिली, तर जुना कंद सुरकुतलेला, आणि त्याच्या कुशीला नवा, टपोरा. कौसल्येला असा आनंद झाला की तिनं विहिरीला ऐकू जाईल एवढ्यानं हाक मारून सासूला बोलावलं.

पण नत्थुजी ते नत्थुजीच. "पोळ्यापावतर फूल दिसलं तर वाफा जलमभर तुहा. नाई दिसलं तर पुढच्या मिरगात तथी सरकी."

श्रावण लागला आणि वाफ्यात एक पान वर आलं. दुसऱ्या दिवशी दोन झाडं. लावला होता एकच कंद!

मग पाटाच्या कडेला एक. एरंडाखाली दोन. कापसाच्या ओळींत, जिथं कौसल्येचा हातही लागला नव्हता, तिथं सात. डोंगराकडच्या बांधापासून घराकडं ओळच लागली, रोज सकाळी एकेक पाऊल पुढं.

"चूलबंद देल्लं तू?" सासू गोदाबाई पोट धरून हसल्या. "अवं, झाडाले एकट्यालेच बोलावतात! त्याचं खटलं केवढं, तुले का ठाव?"

पोळ्याच्या आदल्या सकाळी सगळी झाडं एकदम फुलली. काय तो थाट! अख्खी आळी पाहायला आली. पोळ्याला बैलांच्या गळ्यात त्याच फुलांच्या माळा पडल्या. नत्थुजींनी चारचौघांत कबूल केलं, "हारलो बाप्पा सुनेपुढं. वाफा तिचा!" कौसल्या हसली, रडली, पुन्हा हसली.

एकच गोष्ट तिला खटकली. ऊन पूर्वेला, आणि सगळ्या फुलांची तोंडं घराकडं.

तिचा नवरा सहदेव आणखी माती आणायला डोंगरात गेला होता, तो रिकाम्या टोपलीनं परतला.

"तथी एकबी झाड नाई," तो म्हणाला. "नुसते खड्डे. कोणी खणल्याचं निशाण नाई. आपल्या मनानं उठून गेल्यावानी."

"पाव्हणे आले ना आपल्या घरी," नत्थुजी म्हणाले, आणि सगळे हसले.

पोळा झाला. दुसऱ्या सकाळी कौसल्या चूल पेटवून मळ्यात गेली. उंबऱ्यापर्यंत आलेली ओळ दिसेना. वाफा मोकळा, पाट मोकळा. कापसात फक्त कापूस.

ती धावत घरात आली. नत्थुजी चुलीपुढं बसून मजेत काहीतरी चघळत होते.

"कोणाचं आवतन व्हय, सूनबाई? चुलीवर सुपारी होती. चरा पडलेली, पण भल्ली गोड. घेतली म्या." ते खुशीत होते. "सुपारी घेतली म्हंजे जा लागते. जाऊ सारे!"

कौसल्येनं चुलीकडं पाहिलं.

विस्तव नव्हता. चुलीचं तोंड तांबड्या मातीनं लिंपून बंद केलेलं. माती ओली, बोटांचे ठसे नाहीत.

वर हळदीच्या अक्षता. एका ओळीत.

तिनं मोजल्या. मामाजी, आत्याबाई, हे, आपण.

दाणे पाच होते.

तिचा हात आपसूक पोटावर गेला. अजून तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.