काळोखातला वन्स मोअर

अब्बांना एकदा पुढून नाटक दाखवायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मी तिकिटं काढली, रविवारी दुपारी धायरीहून रिक्षा केली, आणि आम्ही दोघं नारायण पेठेतल्या नाट्यगृहाशी उतरलो.

माझे अब्बा, मुनव्वर शेख, यांनी चाळीस वर्षं संगीत नाटकांचा कपडेपट सांभाळला. नायकाला अंगरखा चढवायचा, त्याचे बंद बांधायचे आणि विंगेत उभं राहून गाणं ऐकायचं. नाटक पाहिलं ते कायम बाजूनं. "मिसबा, मला प्रत्येक नटाचा डावा कान पाठ आहे," असं म्हणायचे. घरी आम्ही दखनी बोलतो, पण नाटकाचा विषय निघाला की अब्बा आपसूक मराठीत शिरतात.

तिसरी घंटा झाली. धुपाचा वास आला, ऑर्गनचा सूर भरला, नांदी झाली आणि पडदा उघडला. अब्बांनी माझा हात घट्ट धरला.

"अगं, यांना चेहरेसुद्धा आहेत!"

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस लहान पोरासारखा खुर्चीच्या टोकावर सरकून बसला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण नायकाचं काम करणाऱ्या गंधारचा घसा बसला होता. पहिल्याच पदात आवाज फाटला. दुसऱ्यात वरचा सूर लागलाच नाही. मागच्या रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "नायक मूकपटातून घेतलाय वाटतं." लोक हसले. अब्बा हसले नाहीत.

"दुसऱ्या अंकात द्वंद्वगीत आहे," ते पुटपुटले. "पोरगा उघडा पडणार. पुन्हा उभा राहायचा नाही."

मध्यंतरात बटाटेवडा खाऊन बरेच लोक घरी गेले.

दुसरा अंक सुरू झाला. नायिका निकितानं द्वंद्वगीताची पहिली ओळ म्हटली आणि दिवे गेले. पंखे थांबले, माइक बंद पडले. बाहेर तीन वाजताचं ऊन होतं, पण नाट्यगृहाला खिडक्या नसतात. इतका काळोख, की मला माझा हात दिसेना. कुणीतरी मोबाइलचा दिवा लावला, त्यावर काकू ओरडल्या, "बंद करा तो! गाणं चालू आहे."

खरंच चालू होतं. ऑर्गन थांबला नव्हता. आणि मग... पुरुषाचा आवाज आला.

माइकशिवाय तो शेवटच्या रांगेपर्यंत भरून राहिला. गोल, उबदार, जराही घाई नसलेला. निकिताचा सूर आधी थरथरला, मग त्याच्या सुराला बिलगला.

"तात्याराव..." अब्बा म्हणाले.

तात्याराव म्हणजे ज्यांचे बंद अब्बांनी वीस वर्षं बांधले, ते गायक नट. त्यांना जाऊन सत्तावीस वर्षं झाली.

"अब्बा, गंधार गातोय."

"नाही. समेच्या आधी तात्याराव अर्धा श्वास थांबायचे. ऐक... आता."

आवाज थांबला. अर्धा श्वास. आणि समेवर आला.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भीती वाटली, पण ते गाणं संपू नये असंही वाटलं. संपलं तेव्हा सगळ्यांत आधी ओरडले ते अब्बा. विंगेत उभ्या माणसाला कधी ओरडता आलं नव्हतं, ते चाळीस वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर पडलं.

"वन्स मोअर!"

सगळं नाट्यगृह ओरडलं. त्या आवाजानं पुन्हा पहिल्यापासून गायलं.

दिवे आले तेव्हा गंधार उजव्या विंगेशी, गळ्यावर हात ठेवून रडत होता. तिसऱ्या अंकात मात्र त्याचा गळा असा मोकळा झाला की काकूंनीही टाळ्या वाजवल्या.

प्रयोगानंतर आम्ही रंगपटात गेलो. तिथल्या जुन्या लोकांनी अब्बांना मिठ्या मारल्या. गंधार त्यांच्या पाया पडला.

"चाचा, द्वंद्वगीत मी नाही हो गायलो. माझा आवाजच फुटेना. उभा होतो तिथून हललोसुद्धा नाही."

निकितानं त्याच्याकडे पाहिलं. "गंमत करू नकोस. अंधारात माझा हात धरलास. गाणं संपल्यावर कानात विचारलंस, पुढचा प्रयोग कधी?"

गंधारनं नकारार्थी मान हलवली.

"मी सांगितलं..." तिचा आवाज खाली आला. "येत्या रविवारी."

त्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. प्रयोग हाउसफुल्ल होता. दिवे नीट होते, गंधारचा गळाही. अब्बांनी अत्तर लावलं होतं. द्वंद्वगीत आलं. गंधार उजवीकडे उभा होता. निकितानं पहिली ओळ म्हटली आणि उत्तरासाठी वळली... डावीकडे. तिथे कुणी नव्हतं. ती त्या रिकाम्या जागेकडे पाहून हसली, हात पुढे केला आणि थांबली.

अजून कुणीच गायलं नव्हतं. माझ्या शेजारी अब्बांनी मान डोलावली आणि ते हळूच म्हणाले, "वा!"